संगणक आले, सांभाळणार कोण?

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



एका खेड्यातील माध्यमिक शाळेत गेलो होतो. संगणक-कक्षाच्या दाराशी उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. आत १२ यंत्रे खोळी पांघरून निजलेली. चौकशीअंती कळले, की बहुतेकांच्या मदरबोर्डावरील ३ व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी संपली होती. त्यामुळे यंत्र चालू होताच तारीख विचारून अडत असे. वस्तू अगदी किरकोळ किमतीची. पण ती कोणी आणावी आणि खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, हेच ठरलेले नव्हते.

अर्थशास्त्राचा जन्मभराचा विद्यार्थी म्हणून सांगतो, हा प्रश्न तंत्राचा नाही. आपल्याकडे भांडवली खर्चाला हारतुरे मिळतात. आवर्ती खर्चाला वाली नसतो.

लिनक्स बसवले की प्रश्न मिटला, असे आपल्यापैकी काहींना वाटते. लिनक्सला परवाना-शुल्क द्यावे लागत नाही, हे खरे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. त्यामुळे भंगारात निघू पाहणारी कित्येक यंत्रे लिनक्सवर आणखी काही वर्षे चालतील, हेही खरे. परंतु फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही सर्वसाधारण आधार ५ वर्षांचाच असतो. पुढे नवी आवृत्ती बसवावीच लागते. विद्यार्थ्यांना स्वतंत्र खाती द्यावी लागतात, मुख्य परवलीचा शब्द जबाबदार हाती ठेवावा लागतो. नाहीतर शिक्षकाची बदली होते आणि त्याच्याबरोबर तो शब्दही जातो!

केरळने हे ओळखले. तेथील 'आयटी ॲट स्कूल' उपक्रमाने मुक्त प्रणाली शाळांत नेली. पण त्याचबरोबर शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडवले आणि शाळेत संगणकाची जबाबदारी शिक्षकाकडे सोपवली. २०१७ साली या उपक्रमाचे 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'लिटल काइट्स' मंडळांतून विद्यार्थीही यंत्रांची निगा शिकू लागले. जे वाचले ते केवळ परवान्याचे पैसे नव्हेत. यंत्र उघडून पाहण्याची भीतीही गेली.

तेव्हा कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत आणि जिल्हा परिषदेत केवळ 'संगणक द्या' एवढेच म्हणून थांबू नये. खरेदीच्या ठरावातच देखभालीची वार्षिक तरतूद, प्रशिक्षित शिक्षकाला त्यासाठी तासिका आणि तालुक्याला एक दुरुस्ती-केंद्र मागावे. श्रीमंताच्या मुलाला घरी दुसरा संगणक असतो. गरिबाच्या मुलाचा संगणक शाळेतलाच. तो बंद पडला, की त्याचे शिक्षणही तेथेच अडते.