आढावा घेताना चाळणी कुणाची?

(वाशी येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एम.एस.डब्ल्यू. करताना 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे मला प्रबंधातले सर्वांत रटाळ प्रकरण वाटे. अमुक म्हणतात, तमुक म्हणतात, अशी वीस पाने! आज त्यावरच बोलायचे आहे, कारण आता आपल्याला त्याची गरज पडली आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना राज्याने २०२४ मध्ये अभियांत्रिकीसह व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. मग आता अडते कुठे? वाशीगाव, कोपरी, तुर्भ्यातल्या मुलींसाठी मागणीपत्र लिहायचे तर आधीचे अभ्यास वाचायला हवेत.

अभियांत्रिकी शिक्षणावर संशोधन करणाऱ्यांनी आढाव्याची शिस्त वैद्यकशास्त्रासारख्या विषयांकडून घेतली. बोरेगो, फॉस्टर आणि फ्रॉइड यांनी २०१४ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. प्रश्न आधी ठरवायचा. कोणते लेख घ्यायचे, कोणते वगळायचे, हे नियम लिहून काढायचे. कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधले त्याची नोंद ठेवायची. दोघींनी वेगवेगळी निवड करून मग ताडून पाहायची. पटले तेवढेच उचलायचे, ही सवय त्यामुळे मोडते. चळवळीतही ती कमी नाही!

पण चाळणी लिहून ठेवली म्हणजे ती न्यायाची झाली, असे नाही. फक्त इंग्रजी, फक्त गेल्या दहा वर्षांतले, एवढे दोन नियम केले की अमेरिकेतले लेख ढिगाने हाती येतात. मुली अभियांत्रिकीकडे वळत का नाहीत, ही तिथली मोठी चिंता. आपल्याकडे मुली वळतात, पण पदवीनंतर त्यांचे काय होते? पवईच्या आय.आय.टी.तील पी. पी. पारिख आणि एस. पी. सुखात्मे यांनी स्त्री-अभियंत्यांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. दहा वर्षांची अट घातली की तो गळालाच. संस्थांचे अहवाल आणि आपल्यासारख्या मासिकांतले मराठी अनुभवलेख तर चाळणीपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून आपला तक्ता आपण आखू. लेखक, वर्ष, किती जणींशी बोलले, हे रकाने असतीलच. शिवाय जात, शाळेची भाषा, प्रवास, वसतिगृह आणि पहिली नोकरी असे पाच रकाने घालू. 'मुली' म्हणून एकच आकडा दिलेला असेल तर जातीचा रकाना कोरा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. कोरे रकाने मोजून मागणीपत्रात लिहायचे. सरकारकडे कोणती माहिती मागायची ते त्यातूनच कळेल.

कामाला आधी एस.एन.डी.टी.च्या स्त्री-अभ्यास केंद्रापासून लागू. ते १९७४ पासूनचे आहे. दोघी तिथे जातील, दोघी मराठी मासिकांचे जुने अंक चाळतील. तक्त्याच्या कोऱ्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत, जाताना घ्या.