वनस्पतींचे दप्तर राखणारा शिक्षक

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात आल्टम्यूल नदीच्या काठी गुन्झेनहाउझेन नावाचे एक लहानसे नगर आहे. तेथील शाळेत अध्यापनाचे काम इमानेइतबारे करीत असता रानातील वनस्पती आणि त्यांच्याभोवती गुंफलेल्या लोकश्रद्धा या दोहोंचा अभ्यास ज्यांनी हयातभर केला, त्या हाइन्रिश मार्झेल यांचा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे.

मार्झेल यांचा जन्म 1885 साली म्युनिक येथे झाला. पाकळ्या व पुंकेसर मोजले की वनस्पतीची ओळख पुरी झाली, असे त्यांनी कधी मानले नाही. खेडूत तिला कोणत्या नावाने हाक मारतात, कोणत्या दुखण्यावर तिचा पाला देतात, कोणत्या सणाला ती घरात आणतात, याचीही नोंद ते प्रांतवार करीत.

संत योहानाच्या नावाने ओळखली जाणारी पिवळ्या फुलांची वनस्पतीच पाहा. त्या संताच्या सणाच्या, म्हणजे 24 जूनच्या, सुमारास ती बहरते. तिची कळी बोटांत चुरडली असता तांबडा रस निघतो, आणि ते संताचेच रक्त होय, असे भाविक मानीत. पान उजेडासमोर धरावे, तर सुईने टोचल्यासारखे असंख्य ठिपके दिसतात. पिशाच्चांना पिटाळणाऱ्या या झाडावर संतापून सैतानाने ती भोके पाडली, अशी दंतकथा आहे. वास्तविक त्या पानातील तैलग्रंथी होत. परंतु शास्त्राने उलगडा केला म्हणून कथेची नोंद दप्तरातून खोडावी, हे या शास्त्रज्ञाला मान्य नव्हते.

जर्मन लोकभ्रमांचा दहा खंडांचा जो कोश 1927 ते 1942 या काळात प्रसिद्ध झाला, त्यातील वनस्पतींविषयीचे बहुतेक लेख मार्झेल यांच्या लेखणीतून उतरले. जर्मन वनस्पतिनामांचा बृहत्कोश हे मात्र त्यांचे जीवितकार्य. त्याचा पहिला खंड महायुद्धाच्या धामधुमीत, 1943 साली पूर्ण झाला. 1970 साली ते निवर्तले तेव्हा काम अपुरेच होते, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून इतरांनी ते 1979 साली तडीस नेले.

खेड्यापाड्यांतील शाळांतून शिकविणाऱ्या श्रोत्यांना माझी एवढीच विनंती आहे, की आपल्या शिवारातील झाडाझुडपांविषयी वृद्ध माणसे जे सांगतात ते, सांगणाराचे गाव व तारीख घालून, आजच वहीत उतरून ठेवावे.