आपला माणूस घरी पोचला का?



६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल उसळली. ती शमते न शमते तोच जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा भडकली. मी तेव्हा रेल्वेत गँगमन म्हणून नवाच लागलो होतो. त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी हजेरी झाली आणि आम्ही रुळावर कामाला लागलो. दुपारी वस्तीकडून धूर दिसू लागला.

आमच्या गँगमध्ये दोघे मुसलमान होते. मुकादम म्हणाले, "कोणी एकटा जायचा नाही." सुटी होताच त्या दोघांना मध्ये घेऊन आम्ही रुळारुळाने चालत गेलो आणि त्यांना नातेवाइकांकडे पोचवले. पुढे कित्येक दिवस ते कामावर आले नाहीत. येणार कसे? बाहेर संचारबंदी, गल्लीत जमाव. पगाराच्या वेळी मात्र त्यांच्या नावापुढे गैरहजेरी! युनियनने अर्ज केले, खेटे घातले आणि ते दिवस रजेत धरून घेतले.

श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही दंगलींतील मृतांचा आकडा ९०० दिला. त्यांत मुसलमान होते, हिंदूही होते.

बंधूंनो, जमाव माणसाला धर्म विचारतो. युनियनने विचारावे : आपला माणूस घरी सुखरूप पोचला का? त्याचा पगार तर कापला नाही ना? बीटवर गेलेला पोस्टमन असो की रुळावरचा कामगार, ही चौकशी त्याच दिवशी संध्याकाळी झाली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!