दूध तुटलेल्या पिलांचा आहार

अंगावरचें दूध तुटतांच मुलापुढें कोणी भाकरी ठेवीत नाहीं; आधीं पेज, मग मऊ भात, असा क्रम घरोघरीं असतो. युरोपांतील वराहपालनांत मात्र डुकरांचीं पिलें तीन-चार आठवड्यांचीं होतांच आईपासून दूर केलीं जातात. त्या वयांत दुग्धशर्करा त्यांना सहज पचते. परंतु धान्यांतील पिष्ट व वनस्पतिज प्रथिनें पचविणारे रस अपुरे असतात. न पचलेलें प्रथिन आंतड्यांतील अपायकारक जंतूंस पोसतें आणि पिलांस हगवण लागते.

पूर्वीं ती औषधांनीं दाबली जाई. परंतु औषधांस न जुमानणारे जंतू बळावूं लागल्यानें युरोपीय संघानें २००६ सालीं वाढीसाठीं खाद्यांत प्रतिजैविकें घालणें बंद केलें. २०२२ सालीं झिंक ऑक्साइडचा औषधी वापरहि थांबविला. आतां खाद्यच सुधारणें प्राप्त झालें.

सोयाबीनच्या पेंडींत ट्रिप्सिन या पाचक रसास अडविणारें द्रव्य असतें. उष्णतेनें तें बरेंच निकामी होतें. तरी कोवळ्या आंतड्यांस न मानवणारीं कांहीं प्रथिनें उरतातच. म्हणून तिच्या कांहीं भागाऐवजीं मासळीची भुकटी, बटाट्याचें प्रथिन किंवा आंबविलेली पेंड देतात. शिवाय, १९९१ सालीं नेदरलंड्समध्यें प्रथम विक्रीस आलेलें फायटेज हें एन्झाइम मिसळतात. त्यानें दाण्यांत अडकलेला स्फुरद मोकळा होऊन पिलांच्या हाडांस लागतो व विष्ठेबरोबर जमिनींत कमी जातो.

हीं प्रथिनें साध्या पेंडीहून महाग पडतात. म्हणून तीं पहिल्या कांहीं आठवड्यांपुरतींच देऊन, पचनशक्ति वाढेल तसतशी साधी पेंड वाढवीत नेतात.