दंड भरण्याआधी फोटो बघा

बचत गटाच्या आजच्या कार्यक्रमात कर्ज नाही, व्याज नाही, पापड-कुरडयाही नाहीत. आज बोलायचं आहे गाडीच्या दंडाबद्दल. नो पार्किंगचं चलान आलं तर काय करायचं?

तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या लोकांचा विषय. पण आता आपल्या गटातल्या कितीतरी जणींकडे स्कूटी आहे. बाजाराच्या दिवशी माल घेऊन आपण तालुक्याला जातो. मसाल्याची, चटणीची पिशवी पायाशी ठेवायची, बाजारपेठेत जागा मिळेल तिथे गाडी लावायची आणि आठ दिवसांनी मोबाईल वाजतो, तुमच्या वाहनावर ५०० रुपयांचं चलान. दिवसभर उन्हात बसून खर्च वजा जाता पाचशे रुपये हातात उरतात का, हे तुम्हीच सांगा.

अशा वेळी आपण दोनपैकी एक करतो. घाबरून लगेच भरून टाकतो, नाहीतर मेसेज पुसून विसरून जातो. दोन्हींत तोटा आहे. दंड भरला म्हणजे चूक मान्य केली असाच अर्थ होतो, मग वाद घालायला जागा उरत नाही. आणि विसरलं तर चलान साचत जातात. मोटार वाहन कायद्याच्या १७७ कलमात अशा चुकीला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केली तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा. पुढे गाडी विकायची, दुसऱ्याच्या नावावर करायची म्हटली की थकलेलं चलान आडवं येतं.

म्हणून पहिलं काम, चलान खरं आहे का ते बघायचं. हल्ली व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एखादी फाईल येते. ती उघडली की खात्यातले पैसे जातात. अशी फाईल उघडायची नाही, मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर किंवा त्यांच्या ई-चलान संकेतस्थळावर आपण स्वतः जायचं. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे ना, हे पाहायचं. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करायचा.

दुसरं काम, फोटो बघायचा. ई-चलानाबरोबर गाडीचा फोटो असतो. गाडी आपलीच आहे का? रंग, मॉडेल जुळतं का? नंबरातला एखादा आकडा चुकून वाचला गेलाय का? तारीख, वेळ आणि जागा बघा. त्या दिवशी गाडी घरीच होती असंही निघतं. कॅमेऱ्यावरून चलान केलं असेल तर त्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ पासून लिहिलेलं आहे. तेव्हा मेसेज कधी आला, ती तारीखही वहीत टिपून ठेवा.

तिसरं काम स्वतःशी खरं बोलण्याचं. चूक आपली होती का? काही जागा अशा आहेत की तिथे पाटी नसली तरी गाडी लावता येत नाही. पादचारी मार्गावर, चौकाजवळ, वळणावर, पुलावर, बस थांब्याजवळ, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात, कुणाच्या फाटकासमोर, उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी. आमच्या गटातल्या एका ताईंनी स्टँडच्या फाटकातच स्कूटी लावली होती आणि मला म्हणाल्या, "अगं, पाचच मिनिटं गेले होते." त्यांना मी सांगितलं, ताई, मागे एसटी अडकली होती, भरून टाका. भांडायचं ते हक्कासाठी, हट्टासाठी नाही.

पण दुसऱ्या एका ताईंचं वेगळं होतं. त्यांनी रस्त्याच्या कडेला, इतर गाड्यांच्या रांगेत स्कूटी लावली होती. नो पार्किंगची पाटी होती खरी, पण तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. चलान आलं त्याच दिवशी त्या लेकीला घेऊन परत तिथे गेल्या. पाटीचा जवळून एक फोटो, लांबून एक फोटो, शेजारच्या दुकानाची पाटी दिसेल असा एक. मग ॲपवर तक्रार नोंदवली आणि तोच मजकूर कागदावर लिहून वाहतूक शाखेत दिला. पोच घेतली. अर्ज आठ ओळींचा होता. चलान नंबर, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, जागा, काय घडलं, सोबत काय जोडलं आणि शेवटी "चलान रद्द करावे ही विनंती". रडगाणं नाही, आरोप नाही. दोन हेलपाटे झाले, पण चलान रद्द झालं.

तक्रार फेटाळली तर? तर न्यायालयात बाजू मांडायचा मार्ग आहे. चलान आभासी न्यायालयात गेलं की तिथे दोन पर्याय येतात, दंड भरणे किंवा म्हणणे मांडणे. दुसरा निवडला तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं. तिथे तारखेला जावं लागतं, मजुरी बुडते, हे धरून ठरवा. पण वकिलाच्या खर्चाला भिऊन मागे हटू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर नंबर आहे १५१००.

लोकअदालतीतही अशी चलानं निकाली निघतात. पण नीट ऐका, तिथे तडजोड होते. चूक मान्य असेल आणि रक्कम जड जात असेल तर तिथे जा. चूकच नसेल तर आधी तक्रार करा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

अजून एक. तालुक्याच्या बाजारात नगरपरिषदेच्या नावाने पार्किंगचे पैसे घेतात, तिथे पावती मागा. दर कुणी ठरवला, ही जागा नो पार्किंग कोणत्या आदेशाने झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. एकटीने विचारायला संकोच वाटला तर चौघी मिळून जा.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या स्कूट्या बहुतेक घरधन्याच्या नावावर असतात. मोबाईल नंबरही त्यांचाच, नाहीतर कधीच बंद पडलेला. गाडी चालवते बाई, मेसेज जातो दुसरीकडे आणि तिला कळतं तेव्हा चार चलानं साचलेली असतात. मग घरात बोलणी बसतात आणि किल्ली काढून घेतली जाते. दंड पाचशेचा, पण जातो तो आपला बाजार.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने गाडीचं आरसी बुक आणा. नंबर कोणाचा लावलाय ते बघू. बदलायचा असेल तर परिवहन विभागाच्या पोर्टलवर किंवा गावातल्या सेवा केंद्रात जाऊन बदलून घेऊ. जिला जमत नाही तिच्यासोबत दुसरी बसेल. आणि गटाच्या वहीत एक पान चलानासाठी ठेवू. तारीख, जागा, रक्कम, भरलं की तक्रार केली. हप्त्याचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो, तसाच हाही ठेवायचा.

बैठकीत भेटू.