सखारामच्या घरातला दाऊद

(युवक शिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी इंजिनिअर आहे. आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करतो आणि शनिवार-रविवारी एका विद्यापीठात नाट्यशास्त्राच्या वर्गाला बसतो. 'याचा उपयोग काय?' असं घरीही विचारतात आणि ऑफिसातही. आज एका नाटकाच्या आधाराने उत्तर देतो.

विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगभूमीवर आलं. कमलाकर सारंग दिग्दर्शक, सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. सेन्सॉरशी त्याचा झगडा हायकोर्टापर्यंत गेला. सखाराम जन्माने ब्राह्मण, छापखान्यात बाइंडर. लग्न त्याला मान्य नाही. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणतो आणि आपल्या अटींवर ठेवतो. लक्ष्मी ही सातवी. दाऊद हा त्याचा मित्र. घरात गणपतीची आरती असते. सखाराम दाऊदलाही आरती म्हणायला लावतो. लक्ष्मी हरकत घेते, मुसलमानाने गणपतीची आरती कशी म्हणायची? सखाराम तिला मारतो.

वर्गात हा प्रवेश वाचून झाला आणि बऱ्याच माना माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटलं?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बाकीच्यांना नाटकाबद्दल विचारलं जातं आणि आपल्याला समाजाबद्दल, हे जाणवतंच. तुमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवलं असेल. अशा वेळी आपली दोन उत्तरं तयार असतात. 'आमचा माणूस चांगला दाखवलाय' किंवा 'आमची बदनामी केलीय'.

या नाटकात दोन्ही उत्तरांची सोय आहे. पुढे चंपा येते, दाऊदचे तिच्याशी संबंध जुळतात, लक्ष्मी ते सखारामला सांगते आणि सखाराम चंपाचा खून करतो. मग आरतीतला दाऊद आपला आणि नंतरचा परका म्हणायचा का? असे गुण मोजत बसलो तर हाती काहीच लागत नाही.

नाट्यशास्त्राच्या वर्गात मत नंतर विचारतात, आधी संहिता उघडायला लावतात. मी वहीत चार रकाने आखतो. प्रवेशात कोण कोण आहे? प्रत्येकाला या क्षणी काय हवंय? ते मिळवण्यासाठी तो काय करतो? प्रवेश संपताना कोणाचं काय बदललं? नटाला भूमिका उभी करण्यासाठी स्तानिस्लाव्हस्कीने जे प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांच्याच जातीचे हे प्रश्न.

आता आरतीचा प्रवेश या रकान्यांत भरू. सखारामला मित्राचा मान राखायचाय, हे खरं. पण त्याहून जास्त, या घरात आपलाच शब्द चालतो हे त्याला दाखवायचंय. लक्ष्मीचं त्या घरात स्वतःचं असं काही नाही, देव सोडून. तो एक कोपरा तिला राखायचाय. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं? मित्राचा मान राहिला, मार बाईने खाल्ला. सखारामचं पुरोगामीपण खरं असेलही, पण त्याची किंमत लक्ष्मीच्या अंगावर वसूल झाली. लक्ष्मीचा पूर्वग्रह चूक आहे. तिला मारणंही चूक आहे. पहिल्या चुकीने दुसरी माफ होत नाही.

वर्गात मी हे मांडलं, तेव्हा चर्चा माझ्यावरून उठली आणि लक्ष्मीवर गेली. मी समाजाचा वकील उरलो नाही, नाटकाचा वाचक झालो. मुसलमान म्हणून माझं असणं त्यात पुसलं गेलं नाही. उलट, आपल्या नावाने चाललेल्या भांडणात मार कोण खातंय, हे मला नीट दिसलं.

हे रकाने आपल्या घरालाही लावून बघा. बहिणीच्या लग्नाची बोलणी आठवा. बैठकीत कोण होतं, कोण आतल्या खोलीत होतं? कोणाला काय हवं होतं? ठरल्यावर आयुष्य कोणाचं बदललं? 'आमच्यात बायकांना फार मान आहे' हे वाक्य कोण बोललं आणि ते ऐकायला ती तिथे होती का?

आपण कसे दाखवले जातो, हा प्रश्न मी फालतू मानत नाही. तो विचारायलाच हवा, पण पुरावा संहितेतला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दोन ओळींवर नाटक चांगलं की वाईट ठरवू नका. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. तिथे जाता आलं तर जा. नाही जमलं तर वाचनालयातून एक संहिता आणा, चार रकाने आखा आणि मित्रांबरोबर मोठ्याने वाचा.

'सखाराम बाइंडर' घडतं ते सखारामच्या घरात. दाऊदचं घर आपल्याला दिसत नाही. त्या आरतीनंतर तो घरी जाऊन काय बोलला, कोणाशी बोलला, की गप्पच राहिला? तो प्रवेश तेंडुलकरांनी लिहिलेला नाही. तो लिहायचं काम आता तुमचं.