सदरमधलं आसन



नागपुरात ‘सदर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाजार येतो. पण जुन्या वाड्यातली सदर म्हणजे जिथे बैठक घालून कारभार चाले, निवाडे होत, ती जागा. आपल्या सदरमध्येही एक वास्तू अशाच एका बैठकीमुळे मोठी झाली आहे. ती म्हणजे ऑल सेंट्स कॅथेड्रल.

मोठं आणि जुनं चर्च म्हणजे कॅथेड्रल, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. ग्रीक भाषेत ‘कथेद्रा’ म्हणजे आसन. एका प्रांतातल्या चर्चचा प्रमुख, म्हणजे बिशप, याचं आसन जिथे, ते कॅथेड्रल. गादी असेल ती राजधानी, तसंच हे.

इंग्लंडातल्या सॅलिसबरीची हकीकत यासाठी ऐकण्यासारखी आहे. तिथलं पहिलं कॅथेड्रल टेकडीवरच्या किल्ल्याच्या तटाआड होतं. पाण्याचे हाल, वाऱ्याचा मारा, आणि त्यात शिपायांशी रोजची कटकट. धर्मगुरूंनी अखेर आसनच उचललं. १२२० साली खाली नदीकाठच्या सपाटीवर नवा पाया घातला आणि अवघ्या ३८ वर्षांत मुख्य इमारत उभी राहिली. पुढे चढवलेलं तिचं शिखर १२३ मीटर उंच आहे. इंग्लंडात आजही त्याहून उंच चर्चशिखर नाही. टेकडीवर मात्र जुन्या कॅथेड्रलचा केवळ पाया दिसतो. आसन गेलं आणि त्या जागेचं महत्त्वही गेलं.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. सदरमधलं हे चर्च १८५१ सालचं. तेव्हा तिसरे रघुजी भोसले गादीवर होते. पण सीताबर्डीची लढाई भोसले १८१७ सालीच हरले होते आणि खरी सत्ता इंग्रजांच्या हातात होती. त्यांच्या माणसांना रविवारच्या उपासनेसाठी जागा हवी होती, ती इथे झाली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, रघुजी निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झालं. मग १९०३ साली आयर चॅटरटन हे आयरिश गृहस्थ नागपूरचे पहिले बिशप झाले. भोसल्यांची गादी गेल्यावर पन्नासेक वर्षांनी शहराला हे दुसरं आसन मिळालं. याच चॅटरटन यांनी १९१६ साली गोंडवनाच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बख्त बुलंद शाह या गोंड राजानं वसवलेल्या या नगरीत राहून त्यांना गोंड राजांची ओढ लागली, याचं मला अप्रूप वाटतं.

पण बिशपचं हे आसन सगळ्या ख्रिस्ती लोकांना मान्य होतं का? मुळीच नाही. १६४६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं बिशपपदच रद्द केलं होतं. १६६० मध्ये ते परत आलं, पण प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट या पंथांनी ते मानलं नाही. कुणाला वडीलधाऱ्यांचं मंडळ हवं होतं, कुणाला मंडळीचा एकत्रित निर्णय. मिशनरी हिंदुस्थानात आले ते ही भांडणं पदरात घेऊनच. ज्या तालुक्यात ज्या पंथाचं मिशन, त्या पंथाची तिथली मंडळी. १६४६ शी ज्याच्या पणज्याचाही संबंध नव्हता असा इथला माणूस, शेजारच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसापासून वेगळा ठरला.

हे मिटवायच्या वाटाघाटी १९२९ साली सुरू झाल्या आणि एकेचाळीस वर्षं चालल्या. रविवार, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, याच नागपुरात, याच कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बिशप राहावा, पण त्यानं मंडळींच्या प्रतिनिधींसह, घटनेप्रमाणे कारभार करावा, असं ठरलं. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्या माणसाला, यावरून युरोपात लोकांचे जीव गेले होते. इथे दोन्ही पद्धती ग्राह्य ठरल्या. आणि आमचं पौरोहित्य खरं, तुमचं कमी, हा प्रश्न कसा सुटला? निरनिराळ्या परंपरांच्या धर्मसेवकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. देणाराही तोच, घेणाराही तोच.

श्रोतेहो, सॅलिसबरीकरांना भांडण संपवण्यासाठी टेकडी सोडावी लागली. नागपुरात कुणालाच कुठे जावं लागलं नाही. ज्या आसनावरून तीन शतकं दुरावा होता, त्याच्याजवळ येऊन, त्याचा अधिकार वाटून घेऊन, लोक एकत्र बसले. इंग्रजांनी आपल्या माणसांपुरती बांधलेली ही वास्तू त्या दिवशी खऱ्या अर्थानं इथली झाली, असं मी मानतो.

इंग्लंडातली कॅथेड्रल पाहायला आपली माणसं हौसेनं जातात, जरूर जावीत. पण त्याआधी एकदा सदरमध्ये जा. तिथल्या टोकदार कमानींखाली घटकाभर शांत बसा आणि मस्तकांवर ठेवलेले ते हात आठवा. सदरेवर निवाडा होतो, तसा तो इथे झाला, आणि त्यात कुणी हरलं नाही.